आठवा शिक्का

१

सगळ्यात आधी ओळखलं ते दगूबाईने, आणि तेही भाकरींवरून.

"तुमचे पाहुणे जेवत नाहीत गं हल्ली," ती प्रिस्किलाला म्हणाली. वाटेवरच्या आपल्या झोपडीपुढे चुलीशी बसून ती उरलेल्या भाकरी फडक्यात बांधत होती. "मागच्या खेपेला टोपलीभर उरल्या. आज पुन्हा तेच. चार तास डोंगर चढून आलेलं माणूस भाकरी मोडून नुसतं बघत बसतं. माझा हात बिघडला का?"

दगूबाईचा हात बिघडलेला नव्हता. प्रिस्किलाने स्वतः दोन भाकरी, उडदाची डाळ आणि ठेच्याचा गोळा संपवला होता. पुढे चालणाऱ्या जान्याने तर तीन खाल्ल्या होत्या. पाहुणे मात्र झाडाखाली पाय पसरून बसले होते. त्यांची तोंडं तृप्त दिसत होती, आणि पत्रावळी भरलेल्या तशाच होत्या.

"ऊन लागलं असेल," प्रिस्किला म्हणाली.

"डिसेंबरात?" दगूबाई म्हणाली.

प्रिस्किला वळवी खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची. लग्नानंतरची सात वर्षं नवऱ्याबरोबर, दानियलबरोबर, गुजरातेत ऊसतोडीला जाण्यात गेली. मग शहाद्याच्या पुनीतभाईला डोंगरातल्या वाटेवर काम करणारी बाई हवी होती, आणि ती तिकडे लागली. पुनीत कापडदुकानदाराचा मुलगा. जपानला फिरायला गेला होता, तिथे हजार वर्षांपूर्वीची एक यात्रेची वाट डोंगरातून आठवडाभर चालला आणि वेडा होऊन परत आला. तोरणमाळला पूर्वी लोक महाशिवरात्रीला पायी चढून जायचे. घाटात डांबरी रस्ता झाला आणि ती जुनी वाट झाडोऱ्यात बुडाली. पुनीतने जान्याला हाताशी धरून ती मोकळी केली आणि तिच्यावर माणसं चालवायला लागला. धुळ्याची, नाशिकची, क्वचित पुण्याची.

जपानसारखंच त्याने प्रत्येक मुक्कामावर एका खांबाला पत्र्याची पेटी लावली. पेटीत लाकडी शिक्का आणि लाल शाईची गादी. पाहुण्याने आपल्या छोट्या वहीत शिक्का मारायचा आणि पुढे जायचं. सात मुक्काम, सात शिक्के. मोर, उंबर, बासरी, असली चित्रं. वर पठारावर पोचलं की प्रिस्किला वह्या तपासून प्रत्येकाला वाट पुरी केल्याचा कागद द्यायची.

जान्या पुढे, पाहुणे मध्ये, प्रिस्किला सगळ्यांच्या मागे. कोणी मागे राहू नये, एवढंच तिचं काम.

२

आठवा शिक्का तिला जानेवारीत दिसला. तोही पुनीतच्या वहिनीच्या वहीत.

अल्पनाबेन नंदुरबारहून हौसेने आल्या होत्या. जांभळी शाल, डोक्यावर पुनीत वाटेवरच्या सगळ्यांना देतो ती पिवळी टोपी. धर्माचं फार कडक पाळणाऱ्या. परक्या घरचं पाणीही पीत नसत. थेपल्यांचा डबा बरोबर आणलेला होता आणि उकळलेल्या पाण्याची बाटलीही.

पठारावर वही उघडली तेव्हा पाचव्या आणि सहाव्या शिक्क्याच्या मधल्या कोऱ्या पानावर आणखी एक शिक्का होता. गोल. मधून काड्या निघाल्यासारख्या रेघा. आधी प्रिस्किलाला ते गाडीचं चाक वाटलं. मग कळलं, ती टाचलेल्या पानांची पत्रावळ होती. शाई लाल नव्हती, निळसर काळी होती. तिने बोट लावलं तर बोटाला लागली.

"ताई, हा कुठे मारला?"

"त्या घरी," अल्पनाबेन म्हणाल्या. "झिऱ्याच्या पुढे. जिथे आपण जेवलो."

झिरा म्हणजे पाण्याचा झरा, पाचवा मुक्काम. दगूबाईची झोपडी सहावा. मध्ये वीस मिनिटांची चाल, एक मोठं वळण, एका बाजूला काळा कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. घर तर सोडाच, तिथे शेळी बांधायला जागा नव्हती.

"तुम्ही जेवलात?"

"भात आणि वरण. गरम होतं." अल्पनाबेन हसल्या. थेपल्यांचा डबा त्यांच्या पिशवीत तसाच बंद होता. "ती बाई इतक्या मायेने वाढत होती, नाही म्हणवलं नाही."

प्रिस्किलाने इतरांच्या वह्या उघडल्या. अकरापैकी सहा वह्यांत तो शिक्का होता. सगळ्यांच्यात ओला.

३

माणसाचं डोकं आधी सोपं उत्तर शोधतं. प्रिस्किलाने जान्याला धरलं.

"तू गंमत करतोस का पाहुण्यांची?"

जान्या चाळीशीचा, वाटेखालच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. फार बोलणारा नव्हता. "वळणावर ते मला दिसत नाहीत," तो म्हणाला. "तुला दिसतात?"

तिलाही दिसत नसत. वळणाच्या अलीकडे ती, पलीकडे जान्या, आणि मधली माणसं थोडा वेळ दोघांच्याही नजरेआड. फार तर पाच मिनिटं. पाच मिनिटांत एवढी माणसं पंगतीला बसून, जेवून, हात धुऊन उठत नाहीत.

पुनीतला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला. "कोणीतरी पाड्यावरचं चहापाणी करत असेल, प्रिस्किलाताई. करू दे ना! पाहुण्यांना असंच पाहिजे असतं. शिक्का कोणी बनवला, तेवढं शोधा."

म्हणून पुढच्या खेपेला ती जागा बदलून मध्ये चालली. मागे एका नाशिकच्या मास्तरांना ठेवलं. झिरा सोडला तेव्हा तिने मोबाइलमध्ये वेळ पाहिली, सव्वाअकरा. वळण आलं. डाव्या हाताला कडा, त्यावर वाळलेलं गवत. पायाखाली पाचोळा कुरकुरत होता. पुढच्या माणसाची पाठ दिसत होती, मागच्याचा श्वास ऐकू येत होता. घर नव्हतं, बाई नव्हती, काही नव्हतं. वळण संपलं आणि दगूबाईच्या चुलीचा धूर दिसला. तिला हलकं वाटलं. आपण उगाच घाबरलो, असं मनाशी म्हणत ती झाडाखाली टेकली.

दगूबाईने पत्रावळ पुढे सरकवली. प्रिस्किलाने रोजच्यासारखे डोळे मिटले, प्रार्थना म्हटली, भाकरीचा तुकडा मोडला. तो तिच्या तोंडात जाईना.

पोट भरलेलं होतं. जेवून उठल्यावर असतं तसं, गच्च.

मोबाइलमध्ये बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर निळसर काळा डाग होता.

तिने तो राखेने घासला, मग दगडाने. दगूबाईने तिच्या पुढची पत्रावळ उचलून गाईपुढे टाकली.

४

तीन आठवड्यांनी पुनीतचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, वहिनींना तिकडे नेमकं काय झालं?"

"का हो? बऱ्या नाहीत का?"

"बऱ्या आहेत. डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक म्हणतात. पण त्या घरात पाहुण्यासारख्या राहतात. वीस वर्षं ज्या घरात आहेत त्या घरात पाणी हवं असलं तर विचारतात, घेऊ का म्हणून. सोफ्याच्या कडेवर बसतात. मुलांशी गोड बोलतात, नाव, शाळा विचारतात. काल भाऊ म्हणाला, झोपायला चल. तर म्हणाल्या, नको, तुम्हाला कशाला त्रास, निघायचंच आहे आता."

प्रिस्किलाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"आणि जेवत नाहीत. म्हणतात आत्ताच झालं."

"पुनीतभाई, वाट बंद करा."

"करतो. पण उद्याची माणसं निघालीत, काही रात्रीच येऊन शहाद्यात थांबलीत. हे एवढं शेवटचं करू. तुम्ही नीट न्या. कोणाला नजरेआड जाऊ देऊ नका."

नाही म्हणायला हवं होतं. ते तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण आपण नाही म्हटलं तर जान्या एकटाच त्यांना घेऊन जाईल, हेही तिला माहीत होतं.

५

शेवटच्या तुकडीत नऊ माणसं होती. त्यांत ब्राह्मणपुरीचे धुडकू आबा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरीचे, काटक, पांढरं धोतर आणि पायात जाड चपला. मागच्या वर्षी त्यांची बायको गंगीबाई गेली. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती ही यात्रा करून आली होती आणि आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगायची. म्हणून आबा आले होते.

"मी पंचवीस वरीस लोके मोजात," ते सकाळीच प्रिस्किलाला म्हणाले. "आज तू माले मोज."

झिऱ्यावर तिने सगळ्यांना थांबवलं. पुढे अरुंद वाट आहे, प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, हात काढायचा नाही, असं बजावलं. जान्याला सांगितलं, हळू चाल आणि दर दहा पावलांवर हाक दे. पाहुण्यांना मजा वाटली. कोणीतरी आगगाडीची शिट्टी वाजवली. आबा सगळ्यात शेवटी, त्यांच्या खांद्यावर तिचा हात.

जान्याची हाक येत राहिली. ती मनात मोजत राहिली. वळण सुरू झालं, वळण अर्धं झालं. आबांच्या सदऱ्याचं जाड कापड तिच्या तळव्याखाली होतं. एकदा ते चपलेचा अंगठा नीट करायला वाकले, आणि तिचा हात हवेत राहिला. एक श्वासभर. लगेच ते उठले, हात पुन्हा खांद्यावर गेला.

वीस मिनिटांत सगळे दगूबाईकडे पोचले. सगळे भुकेले. दगूबाईच्या टोपलीवर तुटून पडले. भाकरी कमी पडतील म्हणून ती पुन्हा पीठ मळायला बसली आणि प्रिस्किलाकडे पाहून कितीतरी दिवसांनी हसली. प्रिस्किलाचे डोळे भरून आले.

मग तिने आबांकडे पाहिलं. ते कडेला बसून हात पुसत होते. पुढ्यातली पत्रावळ भरलेली.

"आबा, जेवा ना."

"जेवनू ना बाई. पोटभर जेवनू." त्यांनी वही काढून दाखवली. पाचव्या शिक्क्याच्या पुढे ती गोल पत्रावळ, ओली. "काय गरम भात व्हता! गंगी अशीच वाढे. इचारे नही, वाढी टाके."

"आबा, तिथे कोण होतं?"

"लोके व्हतात. पंगत बठेल व्हती." ते वळणाच्या दिशेने बघत होते. "ती बाई बोलनी, तुन्ही जागा ठेवेल शे. मी म्हंतं, मन्हा संगे लोके शेत, त्यासले सांगीसन येस."

"कुठेही जायचं नाही, आबा. माझ्याजवळच बसा."

"बरं," आबा समजूतदारपणे म्हणाले.

दगूबाईने पाण्याचा हंडा उतरवायला हाक मारली. प्रिस्किला उठली, हंडा उतरवला, वळली. आबांची जागा रिकामी होती. वही दगडावर उघडी पडलेली, वाऱ्याने तिची पानं उलटत होती.

६

ती धावली. जान्याला ओरडून सांगितलं, कोणाला उठू देऊ नकोस, आणि आल्या वाटेने सुटली. दुपारचा एक वाजला होता. ऊन डोक्यावर, आभाळ निळं, सागाची पानं पोळलेली. घाबरण्यासारखं काही नव्हतं त्या उजेडात. म्हातारा माणूस फार लांब जाणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती. बायकोच्या आठवणीने हळवा झालाय. भूक मेली असेल. शिक्का कोणा पोराटोराने मारला असेल.

आधी आवाज आला. पंगतीचा. पाण्याची धार तांब्यातून एकेका पेल्यात पडत पुढे सरकते, तो. पानावर भात पडल्याचा. बोलणं एकही नव्हतं.

मग वास आला. नुकत्या उतरवलेल्या भाताचा.

कड्याच्या बाजूला वाट रुंद झाली होती. तिथे सारवलेलं अंगण होतं. ती तिथून शंभरदा गेली होती. अंगणाच्या कडेला, चपलेतून एक पाय बाहेर काढून, आबा उभे होते.

त्यांच्या पलीकडे माणसांची रांग, तिच्याकडे पाठ करून बसलेली. पिवळ्या टोप्या. किती ते तिने मोजलं नाही, पण ओळ संपत नव्हती. एका पाठीवर जांभळी शाल होती. जांभळी शाल कोणाचीही असू शकते. त्याच सकाळी अल्पनाबेननी तिच्या फोनवर फुलांचं चित्र पाठवलं होतं, शुभ सकाळ म्हणून. हात पानाकडे जात होते, तोंडाकडे जात होते, पुन्हा पानाकडे जात होते. पानं भरलेलीच राहत होती.

ओळीच्या पार टोकाला कोणीतरी वाकून वाढत होतं. वाकलेलंच राहून एकेका पानावर थांबत इकडे येत होतं.

"बस ना," ते म्हणालं. "उभी काय राहिलीस?"

मराठीत नव्हे. प्रिस्किलाच्या घरच्या बोलीत, जी तिच्या पाड्यावर बोलतात आणि या डोंगरात कोणालाही येत नाही. आई हाक मारायची, अगदी त्या सुरात.

तिचे गुडघे वाकले. खरंच वाकले. ती नंतर दानियलला म्हणाली, मला भीती नाही वाटली, मला इतकं दमायला झालं होतं. तिने नजर वर केली नाही. आबांच्या चपलेवर डोळे रोवले, त्या फाटलेल्या अंगठ्यावर, आणि चाचपडत त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. उभा असलेला माणूस इतका जड कसा, ते तिला कळेना. जमिनीत रोवलेला खांब हलवावा तसं तिने त्यांना हलवलं. एक पाऊल, मग दुसरं.

पायाखाली पाचोळा कुरकुरला तेव्हा तिने श्वास सोडला. मागे वळून पाहिलं नाही.

दगूबाईच्या झाडाखाली लोक अजून जेवतच होते. जान्या दारातच उभा होता.

"काय झालं? परत का आलीस?" तो म्हणाला. "आत्ता तर गेलीस."

७

जान्या बाकीच्यांना घेऊन वर गेला. प्रिस्किला आबांना धरून दगूबाईकडेच बसली. आबांनी संध्याकाळपर्यंत अर्धी भाकरी खाल्ली, मीठ लावून, हळूहळू. प्रत्येक घास ती बघत होती. शेवटचा घास गिळला तेव्हा दगूबाईने दोन्ही हात जोडून डोंगराकडे केले.

पाच वाजता, फोनवर निरोप मिळालेला आबांचा मुलगा मगन झोपडीमागच्या कच्च्या रस्त्याने जीप घेऊन आला. बापाला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो प्रिस्किलाकडे वळला.

"ताई, तुमीन नसतात तं..."

"राहू दे, भाऊ. त्यांना घरी न्या. जेवायला घाला, आणि शेजारी बसून घाला."

आबा जीपमध्ये बसले. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं, दुपारी तिने धरलं होतं तसंच घट्ट.

"बाई, एक इचारू का? खरं सांग."

"विचारा ना, आबा."

"तू माले हात धरीसन लई उनी. ते खरं शे. माले समजंस." त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "पन मन्ही जागा जठे ठेवेल व्हती ना, तिन्हा बाजूले तूच बठेल व्हती. हाई पिवळी टोपी, हाई वेणी. जेवी ऱ्हायंती तू. मी वळीसन दखं. ती तं ऊठनी नही, बाई."

मगन ओशाळला. "दमेल शेत आबा. मनवर नका लेवा."

"नाही घेत," प्रिस्किला म्हणाली. जीप धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. दगूबाईने आतून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारायला ती बाहेर आली, तिने प्रिस्किलाच्या पाठीकडे पाहिलं, आणि तशीच आत गेली.

८

वाट बंद झाली. पेट्या काढून आणायला जान्या गेला, भर दुपारी, चार माणसं बरोबर घेऊन. पुनीत पुन्हा कापडाच्या दुकानात बसतो. वहिनींबद्दल विचारलं तर म्हणतो, त्रास काही नाही हो त्यांचा, आणि विषय बदलतो.

प्रिस्किला आपल्या पाड्यावर परतली. खांडबाऱ्याच्या बाजाराला जाते, रविवारी चर्चला जाते. तब्येत चांगली आहे. दानियल कधी कधी काम सोडून तिच्याकडे बघत उभा राहतो. काय झालं म्हणून तिने विचारलं तर काही नाही म्हणतो.

धुडकू आबांचा फोन दर सोमवारी येतो. आपली तब्येत ते सांगत नाहीत, तिचीही विचारत नाहीत. रामराम झाला की गळा साफ करतात आणि एकच विचारतात.

"उनी का व बाई घर?"

"आले, आबा," प्रिस्किला म्हणते.

पलीकडे आबा बराच वेळ ऐकत राहतात, एसटीच्या दारात उभा राहून कंडक्टर मागच्या रस्त्यावर कोणी धावत येतंय का ते बघतो तसे. मग बरं म्हणतात, आणि फोन ठेवतात.